चौघांची हजेरी

‘प्रेझेंट’ या रॉक अल्बमच्या दोन तबकड्या आहेत. पहिलीत गाणी आहेत, दुसरीत गाणी नाहीत. मी पहिली झिजेपर्यंत ऐकली आणि दुसरी एकदा ऐकून कपाटात टाकली. ती कपाटात बरीच वर्षं पडून होती. आज जे बोलणार आहे ते मुख्यतः माझ्या त्या चुकीबद्दल.

तो काढणाऱ्या इंग्रजी बँडचं नाव व्हॅन डर ग्राफ जनरेटर. स्थिर विद्युत तयार करणारं एक यंत्र आहे, रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं. १९६७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या पोरांनी ते नाव उचललं आणि उचलताना चुकीचं लिहिलं. ‘डी’चा ‘डर’ झाला, ग्राफमधलं एक अक्षर गळलं. पुढे कोणी दुरुस्त केलं नाही. नावातच चूक घेऊन पन्नास वर्षं काढणारे लोक आहेत हे, म्हणून मला थोडे जास्त जवळचे वाटतात. (हशा)

सुरुवात पीटर हॅमिल आणि ख्रिस जज स्मिथ यांनी केली. स्मिथ लवकरच बाहेर पडला. मग जे चौघं जमले, ज्यांना चाहते खरा संच मानतात, ते असे: गायक हॅमिल, ऑर्गनवर ह्यू बँटन, ड्रम्सवर गाय एव्हान्स आणि सॅक्सोफोनवर डेव्हिड जॅक्सन. रॉक बँड म्हटलं की गिटार पुढे असणार, ही आपली समजूत इथे लागू पडत नाही. बेस गिटार वाजवणारा निक पॉटर १९७० मध्ये अल्बमचं काम अर्ध्यावर असताना सोडून गेला, तर त्याच्या जागी नवा माणूस घ्यायच्या भानगडीत हे पडलेच नाहीत. बँटन पायांनी ऑर्गनचे पेडल दाबून बेस वाजवू लागला. म्हणजे दोन हात सुरांत आणि दोन पाय खर्जात. तो आधी बीबीसीत तंत्रज्ञ होता, त्यामुळे वाद्य उघडून त्यात फेरफार करणं हा त्याच्या वादनाचाच भाग. जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून वाजवायचा. आणि या सगळ्यावर हॅमिलचा आवाज, जो कुजबुजीतून किंकाळीपर्यंत एका ओळीत जातो. काहींना तो पहिल्या मिनिटाला नकोसा होतो. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

सत्तरच्या दशकाची कथा भरभर सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक असते. १९७१ चा ‘पॉन हार्ट्स’, ज्याची एक अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापली आहे, तो इटलीत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. मायदेशात, इंग्लंडमध्ये, फारसं काही झालं नाही. दौरे, दमणूक, पैशांची ओढाताण. १९७२ मध्ये बँड फुटला. १९७५ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि साधारण वर्षभरात तीन अल्बम काढले. मग बँटन गेला, जॅक्सन गेला, १९७७ च्या अल्बमवर व्हायोलिन आलं आणि १९७८ ला सगळंच थांबलं. एक मजेची नोंद: पंकची, म्हणजे छोट्या, रांगड्या रॉक गाण्यांची लाट असल्या लांबलचक संगीताला पुसून टाकायला आली होती असं आपण वाचतो. त्या लाटेचा म्होरक्या जॉन लायडन १९७७ मध्ये लंडनच्या रेडिओवर आवडती गाणी लावायला बसला, तेव्हा त्याने हॅमिलची दोन गाणी लावली.

नंतरच्या पंचवीस वर्षांत भांडण असं नव्हतं. हॅमिल एकट्याचे अल्बम एकामागून एक काढत राहिला. बँटन ऑर्गन बांधण्याच्या धंद्यात गेला. जॅक्सनने साउंडबीम नावाचं यंत्र हाती घेतलं, ज्यात शरीराच्या हालचालीतून सूर निघतात, आणि अपंग मुलांबरोबर त्यावर काम केलं. चौघांनाही आपापली कामं होती. मला वाटतं पुढच्या गोष्टीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या नावावर पोट भरण्याची वेळ आलेली माणसं वेगळी वाजवतात.

२००३ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये हॅमिलच्या कार्यक्रमात बाकीचे तिघं मंचावर आले आणि चौघांनी एक जुनं गाणं वाजवलं. एकच. त्याच वर्षी डिसेंबरात हॅमिलला हृदयविकाराचा झटका आला. वय पंचावन्न. त्यातून तो उठला, आणि २००४ मध्ये चौघं डेव्हन परगण्यातल्या एका घरात वाद्यं घेऊन जमले. एप्रिल २००५ मध्ये हा अल्बम आला: ‘प्रेझेंट’. वर्तमानकाळ, भेटवस्तू आणि वर्गात हजेरी घेताना आपण देतो ते उत्तर, असे तीनही अर्थ त्या एका शब्दात आहेत. मला तिसरा सगळ्यात जास्त पटतो. नाव पुकारलं, चौघांनी ‘हजर’ म्हटलं.

आता दुसरी तबकडी. पहिलीतली सहा गाणी मिळून चाळीस मिनिटंही भरत नाहीत. दुसरी तासाच्या वर जाते. तिच्यात आधी काही न ठरवता केलेलं वादन आहे, शब्द नाहीत. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, हा उरलेला माल आहे, डबा भरावा म्हणून टाकलेला. परत ऐकली ती या व्याख्यानाच्या तयारीसाठी, हेडफोन लावून, रात्री. तेव्हा लक्षात आलं की वाद्यं एकमेकांना शोधताहेत. ऑर्गन एक सूर धरून बसतो, सॅक्सोफोन त्याच्या आसपास घोटाळतो, ड्रम्स कुठलीच लय पक्की करत नाहीत, आणि मग अचानक तिघं एका जागी येतात. आपल्याकडे मैफलीत सम गाठल्यावर मान हलते ना, तशी माझी मान हलली. कधी कधी ते एका जागी येतच नाहीत. तो तुकडा फसतो, आणि फसलेलाही त्यांनी ठेवला आहे. एकोणतीस वर्षं चौघांनी एकत्र अल्बम केला नव्हता. अशा माणसांनी आधी काय करावं? जुनी गाणी घोटावीत, की कोणाला कसं ऐकू येतं ते तपासावं? मला दुसरी तबकडी म्हणजे ती तपासणी वाटते, आणि पहिलीतली गाणी तिच्या जोरावर उभी आहेत.

पहिल्या गाण्याचं नाव ‘एव्हरी ब्लडी एम्परर’. सत्ताधाऱ्यांच्या खोटेपणावरचं गाणं, पण आरडाओरडा नाही; हॅमिल संथपणे, जवळजवळ दमलेल्या आवाजात सुरू करतो. पंचविशीतला हॅमिल इथे किंचाळला असता. ‘अबँडन शिप’ हे म्हातारपणाची थट्टा करणारं गाणं, आणि थट्टा स्वतःचीच. ‘बोलिअस पॅनिक’ जॅक्सनची वाद्यरचना आहे. खरं सांगायचं तर ती मला जरा रेंगाळलेली वाटते. सगळंच उत्तम आहे असं मी म्हणत नाही. मुद्दा असा की इथे कोणी पंचवीस वर्षांचा असल्याचं नाटक करत नाही.

तुलनेसाठी त्याच पिढीतल्या इंग्रजी बँडची दोनच उदाहरणं. किंग क्रिमझनचा शेवटचा मोठा संच २०१४ ते २०२१ फिरला, जुन्या रचना अप्रतिम वाजवल्या, पण नवा स्टुडिओ अल्बम काढला नाही. पिंक फ्लॉइडने २०१४ मध्ये अल्बम काढला तो मुख्यतः नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या वादनातून, ज्यात त्यांचा २००८ मध्ये वारलेला कीबोर्डवादक रिचर्ड राइट याचा हात होता. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. दुसरा तर एका अर्थी श्राद्धच आहे, आणि श्राद्धाला नावं ठेवू नयेत. पण त्यात हजेरी अपुरी राहते.

६ मे २००५ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये चौघं उभे राहिले. एवढ्या वर्षांनी पुनरागमन, सभागृह गच्च. कोणीही दणक्यात सुरुवात केली असती. यांनी १९७५ चं एक गाणं निवडलं, जे कुजबुजत सुरू होतं. दीर्घ कार्यक्रमात नव्या अल्बममधली गाणी दोनच घेतली. इतका मोजका हात मला आवडतो. ते ध्वनिमुद्रण २००७ मध्ये ‘रिअल टाइम’ नावाने निघालं.

आणि मग, वर्ष संपताना, जॅक्सन बाहेर पडला. कारणांच्या तपशिलात मी शिरत नाही. ज्या आवाजाने बँड ओळखला जायचा तो दोन सॅक्सोफोनचा आवाजच गेला. उरलेल्या तिघांनी दुसरा सॅक्सोफोनवाला शोधला नाही, जसा १९७० मध्ये दुसरा बेसवाला शोधला नव्हता. २००८ चा ‘ट्रायसेक्टर’ तिघांचा आहे, आणि पुढे २०११ आणि २०१६ मध्ये गाण्यांचे आणखी दोन अल्बम आले. मध्ये २०१२ मध्ये ‘ऑल्ट’ नावाचा एक अल्बम आहे. त्यात एकही शब्द नाही, नुसतं वादन. ज्या दुसऱ्या तबकडीला मी उरलेला माल समजलो होतो, तिच्यासारख्याच वादनाचा त्यांनी सात वर्षांनी पुरा अल्बम केला.

प्रश्न नंतर घेऊ. आधी तीच तबकडी लावतो, पहिला तुकडा, ‘व्हल्कन मेल्ड’. मागच्या रांगेतल्यांनी पुढे आलात तर बरं. सुरुवातीला काही घडतच नाहीये असं वाटेल, तरी उठू नका.