एका भागाची अनेक कामे : जुनी येझदी घरी उभी करताना

मित्रहो,

जुन्या येझदी मोटरसायकलच्या डाव्या पायाशी एकच दांडा असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा जागेवर आणला की त्यानेच गिअर पडतात, आणि गिअरसाठी पाय दाबताच आतला क्लचही आपोआप उचलला जातो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी या नावाने निघालेल्या आणि १९९६ मध्ये निघायच्या थांबलेल्या या अडीचशे सीसीच्या गाड्यांमध्ये एकेक भाग असाच दोन-तीन कामे करतो. अशी गाडी घरी खोलणाऱ्याने, विशेषतः तिच्यात स्वतःच्या आवडीचे बदल करू पाहणाऱ्याने, हात लावण्यापूर्वी प्रत्येक भागाचे दुसरे काम शोधून काढावे, हे मला आज आग्रहाने सांगायचे आहे.

सर्वांत आधी क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, पाहू. या गाडीच्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये (पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एकदा इंधन जाळणाऱ्या) पिस्टनखालची ही पोकळी क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, तर धरतेच, पण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढून वर ढकलणारा पंपही तीच असते, म्हणून ती हवाबंद राहणे अत्यावश्यक आहे. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील, म्हणजे तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, चाळीस वर्षांत कडक होतात. क्लचकडचे सील गेले तर गिअरचे तेल इंजिनात ओढले जाते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी विनाकारण उतरते. डायनॅमोकडचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाकडचे, गेले तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी फेरे खाली येत नाहीत. अशा वेळी कार्ब्युरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलत बसणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. दोष कार्ब्युरेटरचा नसतो. इंजिन एकदा पूर्ण उघडले की सील आणि बेअरिंग नवीनच घालावीत, तेथे काटकसर करू नये.

ब्लॉकबद्दल, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याबद्दल, थोडे सविस्तर बोलतो, कारण तेथे मी स्वतः नुकसान सोसले आहे. या इंजिनाचा बोअर (नळकांड्याचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर. घासलेला ब्लॉक लेथवाल्याकडे देऊन बोअर करून, म्हणजे आतून कोरून, घ्यायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. मात्र टू-स्ट्रोक ब्लॉकच्या भिंतीला मिश्रण आणि धूर ये-जा करण्यासाठी पोर्टची भोके असतात आणि बोअर केल्यावर त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. त्या कडा बारीक घासून मोडाव्या लागतात. पोर्टवरून जाताना पिस्टनभोवतीची रिंग किंचित बाहेर फुगते आणि धारदार कड तिला धरते. माझा ब्लॉक ज्या वर्कशॉपने बोअर केला, त्यांनी कडा मोडल्या नव्हत्या आणि मीही बोट फिरवून पाहिले नव्हते. सांगलीहून कोल्हापूरला येताना जयसिंगपूरच्या अलीकडे धातूचा खणखणाट झाला, गाडी थांबली, आणि घरी हेड, म्हणजे ब्लॉकवरचे झाकण, उतरवले तेव्हा रिंगचा नखाएवढा तुकडा पिस्टनच्या डोक्यात रुतून बसलेला होता. तेव्हापासून ब्लॉक हातात आला की प्रत्येक पोर्टच्या कडेवर मी बोट फिरवतो. डोळ्याला न दिसणारी धार बोटाला कळते.

पेट्रोलचेही येथे दुसरे काम आहे. त्यातच तेल मिसळलेले असल्यामुळे इंजिनाला वंगण तेच पुरवते. मी लिटरला ४० मिलिलिटर तेल घालतो. आंबा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिनच्या जोरावर गाडी रोखत आलात, तर पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. नवा पिस्टन घातलेला असेल तर अशा उतारावर मधूनमधून थोडे अ‍ॅक्सिलरेटर द्यावेच.

आता बदलांकडे येतो. आवाजासाठी सायलेन्सरमधली जाळी काढून टाकणे हा तरुणांचा सर्वांत आवडता बदल आहे आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरमधून परतणारा दाब पोर्टमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण मागे ढकलतो. जाळी गेली की आवाज वाढतो, पण चढावर ताकद कमी पडते आणि पेट्रोल न जळताच बाहेर जाते. गाडी ओढत नसेल तर जाळी काढून तिच्यावरचा कार्बन साफ करावा. कॉस्टिक सोड्यात ती रात्रभर बुडवून ठेवली की पुरे, पण भांडे लोखंडीच हवे, कारण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो. हातमोजे आणि चष्मा घालावा आणि हे काम अंगणात करावे.

सहा व्होल्टचा मंद दिवा बदलून बारा व्होल्टची व्यवस्था बसवणे मात्र मला पटते, रात्रीच्या रस्त्यावर ते हिताचे आहे. तेथेही दुसरे काम विसरू नये. क्रँकच्या उजव्या टोकावरच्या त्याच डायनॅमोच्या प्लेटवर ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट बसलेले असतात, म्हणून डायनॅमो काढला की इग्निशनही बदलते आणि टायमिंग नव्याने लावावे लागते.

चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापण्याबद्दल थोडक्यात सांगतो. आखूड सीटच्या हौसेने मागची चौकट कापणारे हे विसरतात की तीच चौकट मागच्या शॉकअपचे वरचे टोक धरते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, म्हणजे गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारे कलम, अशा बदलांना आडवे येते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण तिची चासी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते.

माझी येझदी १९७८ ची आहे. हँडल, सीट, रंग आणि वायरिंग मी बदलले, ते सर्व बोल्ट खोलून परत फिरवता येईल असे. काढलेला डायनॅमो, पॉइंटची प्लेट आणि मूळ हँडल तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे. २०२८ मध्ये ती पेटी खाली काढायची आहे.