जुना पाइप पुन्हा हाती घेताना

मित्रहो, पोहायला शिकलेला माणूस पोहणं विसरत नाही, तसा पाइप ओढणाऱ्याचा हातही पाइप भरायला विसरत नाही. पण पाइप सोडल्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत शरीर बदललेलं असतं, बाजारातली तंबाखू बदललेली असते आणि कपाटातला पाइपही पूर्वीचा राहिलेला नसतो.

आधी शरीराचं बोलू. ज्यांची तंबाखू पूर्ण सुटली आहे, त्यांनी ती सुटलेलीच ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निर्धोक, हा समज चुकीचा आहे. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. पूर्वी सिगारेट ओढणारे तर पाइपचा धूरही सवयीने छातीत ओढतात. तोंडात पांढरा चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, किंवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर आधी दंतवैद्याला दाखवा आणि पाइपचा विचार सोडून द्या. गुटखा आणि मशेरीच्या आपल्या मुलखात हे आवर्जून सांगायला हवं. हृदयाच्या दुखण्यामुळे ज्यांनी सोडला, त्यांनीही परत वळू नये.

दुसरी गोष्ट निकोटीनची. पाइपमधलं निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात उतरतं, धूर आत न घेताही. पूर्वी अंगवळणी पडलेली मात्रा आता सोसत नाही. आपण ‘तंबाखू लागली’ म्हणतो ते हेच : घाम, मळमळ, डोकं गरगरणं. असं झालं की पाइप खाली ठेवावा, बसून राहावं, पाणी प्यावं. उपाशीपोटी ओढू नये, पाइपची वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा खोलगट भाग, अर्धीच भरावी, आणि दोरासारख्या वळलेल्या काळ्या, जड तंबाखूच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये.

आता पाइपकडे वळू. बहुतेकांच्या घरी ब्रायरचा पाइप असतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, जमिनीखाली मुळाशी तयार होणारी गाठ. ती उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मग कोरतात. हे लाकूड उष्णता सोसतं आणि ओल शोषतं. वर्षानुवर्षं न वापरलेल्या पाइपची तोंडी, म्हणजे ओठात धरायचा सुटा होणारा भाग, दांडीत, म्हणजे वाटीला जोडलेल्या लाकडी नळीत, अडकून बसलेली असते, कारण जुना डांबरी चिकटा तिथे सुकलेला असतो. ती जोर लावून उपटली तर दांडी चिरते. पाइप पिशवीत घालून वीस-तीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा; तोंडीचं टोक लाकडापेक्षा जास्त आकसतं. मग सावकाश, एकाच दिशेने पिळत काढा.

वाटीच्या आत काजळीचा कडक थर असतो. तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो, म्हणून पूर्ण खरवडायचा नाही. साधारण एक मिलिमीटर राहू द्या. फार जाड ठेवला तर तोही धोकाच, कारण तापल्यावर थर आणि लाकूड सारखे फुगत नाहीत आणि वाटीला तडा जातो. चाकू वापरू नका. त्याचं टोक तळाशी खड्डा पाडतं, आणि त्या खड्ड्यात पुढे लाकूड जळतं. काठीला सँडपेपर गुंडाळून हळूहळू घासलेलं बरं. थर निघाल्यावर वाटीला बारीक भेगांचं जाळं दिसलं, किंवा बाहेरून एकाच जागी काळा डाग असेल आणि तिथे लाकूड मऊ लागत असेल, तर त्या पाइपला निवृत्ती द्या.

दांडीतला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या पाइप क्लीनरने, म्हणजे सुती लव गुंडाळलेल्या तारेने, निघतो. क्लीनर पांढरा बाहेर येईपर्यंत फिरवत राहा. वीस-पंचवीस सहज लागतात. रम वापरू नका, तिच्यातली साखर मागे राहते. आंबूस वास जात नसेल तर वाटीत कापूस ठासा, त्यावर ड्रॉपरने अल्कोहोल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला असतो. कापसाऐवजी मीठ भरण्याचा जुना उपाय आम्ही सांगत नाही, कारण दांडीत घुसलेलं मीठ ओल धरून लाकूड फोडू शकतं. यानंतर पाइप निदान तीन दिवस वाळू द्या. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय काडी लावायची नाही.

काळी तोंडी हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची आहे. उजेडाने आणि हवेने पृष्ठभाग बिघडतो आणि ओठाला कडू चव येते. आधी ६००, मग १०००, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा. दांडीला भिडणारी कड मात्र घासू नका. ती गोल झाली की सांध्यात फट दिसते. तोंडी कढत पाण्यात टाकण्याचा मोह टाळा, एबोनाइट मऊ पडून तिचा बाक सरळ होतो.

तंबाखूच्या दुकानात गेलात तर जुनी नावं सापडणार नाहीत. डनहिल या ब्रिटिश नावाच्या तंबाखू-मिश्रणांचं उत्पादन २०१८मध्ये थांबलं. नाइटकॅप, अर्ली मॉर्निंग पाइप ही मिश्रणं पुढच्या वर्षी पीटरसन या आयरिश पाइप कंपनीच्या नावाने आली. मॅक्लेलंड ही अमेरिकी कंपनीही २०१८मध्ये बंद झाली. घरात जुना बंद डबा असेल तर तो लगेच फेकू नका. व्हर्जिनिया ही गोडसर जातीची तंबाखू वर्षांनी मुरते, तिच्यातला तिखटपणा जातो. लटाकिया या धुरावर सुकवलेल्या तंबाखूचा धुरकट वास मात्र हळूहळू विरतो. गंज आतपर्यंत गेला असेल, कापसासारखी बुरशी किंवा कुबट वास असेल, तर डबा टाकून द्यावा. पानांवर चमकणारे बारीक स्फटिक बहुधा साखरेचे असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.

परत येणाऱ्याला जो त्रास होतो, तो बहुतेक ओलीमुळे होतो. ओल्या तंबाखूची वाफ होते आणि ती जीभ भाजते. तीच वाफ दांडीत थंड होऊन गुडगुडते. मग माणूस पाइप विझतो म्हणून जोरात ओढतो, वाटी तापते, वाफ आणखी वाढते. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओली, कुरकुरली तर सुकी, हळूहळू उलगडली तर बरोबर. ओली तंबाखू कागदावर अर्धा-पाऊण तास पसरा. पुण्यात एप्रिलमध्ये तेवढा वेळही फार होईल. कोकणात जुलैमध्ये मात्र ती उघड्यावर आणखी ओल धरते, म्हणून तिथे बरणीचं झाकण घट्ट हवं. सुगंधी तंबाखूत प्रोपिलीन ग्लायकॉल हे ओल धरून ठेवणारं रसायन असेल तर ती कितीही पसरली तरी ओलसरच लागते.

भरताना तीन चिमटी : पहिली नुसती सोडा, दुसरी हलकी दाबा, तिसरी जरा घट्ट. काडी न लावता ओढून पाहा, स्ट्रॉने पाणी प्यावं इतकाच अडथळा हवा. जास्त असेल तर रिकामा करून पुन्हा भरा, वरून टोचून काही साधत नाही. काडीचं गूल जळून गेल्यावरच ज्योत जवळ आणा आणि गोल फिरवा. तंबाखू फुगून वर येते. ती टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या चपट्या टोकाच्या साधनाने, अलगद बसवा आणि दुसऱ्यांदा पेटवा. छताचा पंखा बंद ठेवा. पंख्याखाली पाइप भट्टीसारखा जळतो, आणि कारण न कळल्यामुळे माणूस तंबाखूला दोष देतो. विझला तर विझू द्या; दोन-तीनदा पेटवावा लागणं हे नेहमीचंच आहे. वाटी गालाला लावून धरवत नसेल तर वेग जास्त झाला आहे, पाच मिनिटं बाजूला ठेवा.

ज्यांनी पूर्वी कचेरीत, हॉटेलात बसून पाइप ओढला, त्यांच्यासाठी एक खुलासा. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात पाइपची तंबाखूही येते, आणि २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. घरातही मुलं किंवा दमेकरी असतील तर खोली बदलून भागत नाही, धूर दाराखालून जातो.

ओढून झाल्यावर तोंडी लगेच काढू नका. गरम लाकूड फुगलेलं असतं, पिळलं की दांडी तडकते किंवा सांधा सैल होतो. तोंडी जागेवर असतानाच एक क्लीनर घालून ओल टिपा, राख काढा, आणि पाइप थंड झाल्यावर तोंडी वेगळी करून पुन्हा एक कोरडा क्लीनर फिरवा. तोच पाइप दुसऱ्या दिवशी परत भरायचा नाही. लाकडात शिरलेली ओल निघायला निदान एक दिवसाची विश्रांती लागते, पावसाळ्यात दोन दिवसांची.