झिणझिण्या आल्या की थांबा

मघाशी तुमच्या या व्हिडिओ गेमच्या प्लायच्या पेटीला मी हात लावला. नाण्याच्या लोखंडी दारापाशी बोटांना झिणझिण्या आल्या. बनवणारा पोरगा म्हणाला, "काका, थोडंसंच लागतं. चप्पल घातली की काही होत नाही." आज मी त्या 'थोड्या'बद्दलच बोलणार आहे.

आत एसएमपीएस आहे, म्हणजे वीज कमी व्होल्टची करून देणारा डबा. तो २३० व्होल्टचे ५ आणि १२ व्होल्ट करतो. त्याच्या तोंडाशी विजेतली गडबड गाळणारे छोटे कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून त्याच्या लोखंडी बॉडीला जोडलेले. अर्थिंग असलं तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. ते नसलं तर बॉडी आणि तिला जोडलेलं सगळं लोखंड मधल्यामध्ये, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतं. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या फेजची वायर सुटून त्या दाराला टेकली, तर करंटला जमिनीत जायला वाटच नाही. मग एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही, दार तसंच जिवंत राहतं. वैशाखात आपण गारव्यासाठी ओट्यावर पाणी शिंपडतो, आणि खेळणारं लेकरू अनवाणी असतं. करंटला सापडणारी पहिली वाट ते लेकरू असतं.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे तेवढा करंट जमिनीकडे झिरपला की वीज तोडणारा स्विच. ज्या खोलीत पेटी ठेवाल तिथे तो आधी बसवून घ्या, हे मी हात जोडून सांगतो.

आता आपल्याकडची गोष्ट. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो, काळ्या मातीला भेगा जातात, आणि अर्थिंग कागदावरच उरतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत जा. जुन्या घरांत तर सॉकेटचं वरचं मोठं भोक रिकामंच असतं, मागे वायरच नाही. वायरमनला फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासायचा बल्ब, लावून बघायला सांगा. बल्ब मंद लागला किंवा लागलाच नाही, तर अर्थिंगवर विसंबू नका. आरसीसीबी असेल तर या तपासणीत तो पडेल, आणि पडायलाच हवा.

पेटीत शिरताना फ्यूज फेजवर, २ अँपिअरचा, स्लो-ब्लो, म्हणजे क्षणभराच्या झटक्याने न उडणारा. सगळी पेटी मिळून १०० वॅटसुद्धा खात नाही, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आत. स्विच मात्र दोन्ही वायरी तोडणारा घ्या. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले, तर एकेरी स्विच न्यूट्रल तोडतो आणि बंद पेटीत फेज तसाच बसून राहतो. एसएमपीएसचे उघडे स्क्रू झाका, आणि २३० ची बाजू फळीची आडभिंत घालून वेगळी करा.

५ व्होल्टच्या बाजूला जिवाची भीती नाही, पण चुका खूप होतात. केळीच्या बागेत लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, लांब आणि बारीक असली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं ना? तसंच इथे. गेम चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, रास्पबेरी पाय ४ ला, ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर हवेत. लांब, बारीक वायरीतून ४.६३ च्या खाली गेलं की पडद्यावर विजेची खूण येते, मशीन अडखळतं, आणि तुम्ही गेमला दोष देता. वायर आखूड आणि जाड ठेवा. बटणांची कॉमन वायरही लॅटरलसारखीच, एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मधलं एक थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी, ढिलं झालं की पुढची सगळी बटणं मुकी. प्रत्येक थिंबल दाबल्यावर ओढून बघा. दिव्याच्या बटणात दिव्याचे टोक वेगळे, स्विचचे वेगळे. दिव्याचे १२ व्होल्ट स्विचच्या टोकाला लागले तर एन्कोडर, म्हणजे बटणं कॉम्प्युटरला जोडणारं सर्किट, जळतो.

एसएमपीएस उघडू नका. पिन काढल्यावरही त्याच्या मोठ्या कॅपॅसिटरवर काही वेळ ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात.

चला, पिन काढा. मागची फळी उघडू आणि नाण्याच्या दारापासूनच सुरुवात करू. अर्थिंगची हिरवी वायर कोणी आणलीय?