सलाईन म्हणजे जेवण नव्हे
(नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोरील व्याख्यानाचा संपादित भाग)

वॉर्डात उभं राहिलात की एक वाक्य तुमच्या कानावर पडणारच: “सिस्टर, पेशंटला ताकदच नाही, एखादी सलाईन लावा ना.” त्यावर चिडू नका. हिशोब मांडून दाखवा. नॉर्मल सलाईनच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. कॅलरी शून्य. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे 100 कॅलरीसुद्धा नाहीत. वाटीभर मऊ खिचडीत यापेक्षा जास्त असतात, वर चमचाभर तूप असेल तर विचारूच नका. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या माणसाचा सलाईन जीव वाचवते, ते तिचं काम. पोट भरणं हे तिचं काम नाही.

घरून येणाऱ्या डब्यातही बघा. ‘हलकं’ म्हणून भाताची पेज आणि वरणाचं वरचं पाणी येतं. डाळ राहते भांड्याच्या तळाशी, आणि प्रथिनं तिथेच! आजारपणात 50 किलो वजनाच्या प्रौढ माणसाला साधारणपणे दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यातून मिळतात जेमतेम 6. मग नुसत्या पेजेवर टाक्यांची जखम भरणार कशी? पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला बेडसोर, म्हणजे दाबामुळे जखम होते, त्यात कूस न बदलण्याबरोबरच या उपासमारीचाही हात असतो. म्हणून घरच्यांना सांगा, वरण घट्ट आणा, दही आणा, चालत असेल तर अंडं आणा. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं मात्र डॉक्टरांना किंवा डाएटिशियनना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. पोटॅशियम वाढलेलं असताना आपुलकीने पाजलेलं नारळपाणी त्याच्या हृदयावर बेतू शकतं.

ट्रॉली येते, ताट ठेवलं जातं आणि तसंच परत जातं. चार्टवर ‘जेवले नाहीत’ एवढं लिहून सुटू नका. का जेवले नाहीत? कवळी घरी राहिली असेल. तोंड आलं असेल. उजव्या हाताला सुई असेल, आणि चार लोकांत डाव्या हाताने जेवायची आजींना लाज वाटत असेल. शक्य असेल तिथे सुई डाव्या हाताला लावा, इतकं ते सोपं आहे. ऑपरेशन पुढे ढकललं, पण पलंगावरची ‘एनबीएम’ची (तोंडाने काहीही देऊ नका) पाटी कुणी काढलीच नाही, असंही होतं. ते डॉक्टरांना विचारणं तुमचं काम आहे, मावशींचं नव्हे.

भरवताना रुग्णाला नीट उठवून बसवा. अर्धांगवायू झालेल्याला गिळता येतं का, हे तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही देऊ नका. गिळणं बिघडलेलं असेल तर पाण्यासारखं पातळ सगळ्यात सहज श्वासनलिकेत जातं. राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात घातलेली नळी असेल, तर प्रत्येक फीडच्या (नळीतून द्यायच्या पातळ आहाराच्या) आधी नळी जठरातच आहे ना, याची खात्री करा. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवा, आणि फीड संपल्यावर किमान अर्धा तास ती खाली करू नका, नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी.