साठीनंतर वाद्य पुन्हा हाती घेताना

मंडळी, वीस-पंचवीस वर्षांनी वाद्य पुन्हा हाती घेणाऱ्यांसाठी सर्वांत धोक्याची जागा कोणती, ते आधी सांगतो. पहिल्या आठवड्यात बोटं जड वाटतात, टोकं हुळहुळतात, त्यामुळे माणूस आपोआप जपून वाजवतो. धोका असतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोवर बोटांना जुन्या जागा आठवू लागतात, टोकं टणक होतात आणि मन म्हणतं, आज बसू या दोन तास. पण कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट दोर, तेवढ्यात तयार झालेल्या नसतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या स्नायूंच्या मानानं सावकाश कमावल्या जातात. आठवण काही आठवड्यांत परत येते, कंडरांना महिने लागतात. मधल्या काळात मनगटं दुखावतात आणि मोठ्या हौसेनं काढलेलं वाद्य पुन्हा पेटीत जातं. हे टाळता येतं, म्हणून एवढ्या तपशिलात जाणार आहे.

गिटारचं उदाहरण घेतो; बाकीच्यांनी आपापल्या वाद्याला लावून घ्यावं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या तारा ओढून सुरात आणायच्या भानगडीत पडू नका, त्या गंजलेल्या असतात आणि तुटतात. नवा संच हलक्या जाडीचा घ्या. स्टीलच्या तारा असतील तर सर्वांत बारीक तार 0.011 इंचाची असलेला. मग बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या कड्या) मोजपट्टी धरून तार फ्रेटपासून किती उंच आहे ते मोजा. सर्वांत जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर हवं. चार भरलं, तर वाद्याची मान वाकलीय किंवा ब्रिजजवळची, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथली, फळी फुगलीय. अशा वेळी 'माझ्या बोटांत आता जोर उरला नाही' असं म्हणत बसू नये, वाद्य कारागिराकडे न्यावं. कितीतरी लोक निव्वळ या दीड मिलिमीटरपायी हार मानतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

पहिले दोन महिने सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवून लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, चढवा. सूर मूळचाच मिळतो, पण तारांचा ताण सुमारे 20 टक्क्यांनी उतरतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. शिवाय फ्रेट जवळजवळ येतात, बोटं कमी फाकवावी लागतात.

दाबाचंही असंच. एक स्वर धरा, बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवा आणि छेडत छेडत ते हळूहळू सैल करा, तार खरखरू लागेपर्यंत. मग ती खरखर जेमतेम थांबेल एवढाच जोर द्या. लागतो तेवढा जोर हाच. आतापर्यंत अंगठा मागून किती विनाकारण आवळत होता, ते तिथल्या तिथे कळतं.

आता वेळेचं गणित. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. दर आठवड्याला प्रत्येक बैठक दोन मिनिटांनी वाढवा. आठव्या आठवड्यात चोवीस मिनिटं होतात, तिथे थांबा. पुढे वेळ वाढवायचाच असेल तर तिसरी बैठक जोडा, आहे ती लांबवू नका. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवा. थकवा आला तर हरकत नाही. टोचणारं दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा आला की मात्र वाद्य लगेच खाली ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट आखडलेलं असेल तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत या. दोन आठवडे उलटूनही बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचं थोडक्यात: वाचायचा चष्मा साधारण 40 सेंटिमीटरसाठी असतो आणि स्वरलिपीचा स्टँड 60 ते 70 वर. वेगळा चष्मा करून घ्या, नाहीतर मान पुढे काढून वाजवलं जातं. श्रवणयंत्र वापरत असाल तर तंत्रज्ञाकडून संगीतासाठी वेगळी जुळणी मागून घ्या. बोलण्यासाठी केलेली जुळणी लांब सुराला यंत्राची शिट्टी समजते आणि तो थरथरवते.

उद्दिष्टाबद्दल माझं मत ठाम आहे. 'पूर्वीसारखं वाजवायचंय' हे उद्दिष्ट धरू नये. पूर्वी नेमकं कसं वाजत होतं हे कुणी मोजून ठेवलेलं नसतं आणि आठवणीतला हात दरवर्षी जास्तच सफाईदार होत जातो. त्याऐवजी वहीत असं लिहा: बाराव्या आठवड्याच्या शेवटी ही एक रचना, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 84 ठोक्यांवर, न थांबता, चार माणसांसमोर. सुरुवात 60 वर करा. सलग तीनदा स्वच्छ आलं तर चारनं वाढवा, दोनदा अडखळलात तर आठनं उतरवा. दर आठवड्याला एकदा फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवून झाल्या झाल्या ऐकलं तर कान फक्त चुकाच शोधतो.

पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशी उलटल्यावरही मैफली करत होते. मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस त्यांचं उदाहरण देत असत: रचना कमी निवडायच्या, निवडलेल्यांचा रियाज जास्त करायचा आणि जलद भागाच्या आधीचा भाग जरा संथ घ्यायचा, म्हणजे पुढचा वेग ऐकणाऱ्याला अधिक भासतो. तिन्ही गोष्टी आपल्याला आज करता येतात. तिसरी तर फारच सुंदर आहे.

राहिला प्रश्न चार माणसांसमोर विसरण्याचा. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ 12 वर्षं मंचापासून दूर राहून 1965 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी परतले, तेव्हा पहिल्याच रचनेच्या सुरुवातीला त्यांचे स्वर चुकले. ते पुढे वाजवत राहिले. पुढे जाता यावं यासाठी आधी तयारी लागते. बोटांची आठवण साखळीसारखी असते, एक कडी निसटली की हात पार पहिल्या ओळीवर धावतो. म्हणून रचनेत सहा जागा ठरवा, जिथून मागचं काही न वाजवता थेट सुरू करता येईल. त्यांचे आकडे सहा चिठ्ठ्यांवर लिहा. शेवटच्या दोन आठवड्यांत रोज एक चिठ्ठी उचला आणि त्या जागेपासून वाजवा. हात घुटमळला, तर त्या दिवशीची बैठक त्याच जागेसाठी द्या.