सायकलची सीट चावते? आधी माप घ्या

नमस्कार मैत्रिणींनो. आजचा विषय आपण बायका एकमेकींच्या कानात बोलतो, म्हणून मी तो कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं बोलणार आहे. सायकल चालवली की खाली दुखतं. बसायच्या हाडांवर दुखतं, जांघेत सोलवटतं, आणि पुढच्या बाजूला, म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाला, आग होते नाहीतर तो भाग चक्क बधिर होतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी हौसेनं सायकल घेतली, रंकाळ्याला आठ-दहा दिवस फेऱ्या मारल्या, आणि आता ती सायकल जिन्याखाली उभी आहे. का बंद केलीस विचारलं तर म्हणतात, "वेळच मिळत नाही गं." मग जरा जवळ बसून विचारलं की खरं सांगतात.

माझंही तेच झालं होतं. हायब्रिड सायकल घेतली आणि महिन्याभरात पन्हाळ्याला निघाले. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत मजेत गेले. वाघबीळचा चढ लागला आणि पुढचा भाग इतका दुखायला लागला की मी उतरून सायकल ढकलत नेली. पायात दम होता, छातीत दम होता, बसवतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लघवीला गेले तर डोळ्यांत पाणी आलं. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथं गेले, तर मालक म्हणाले, "ताई, सवय होईल. नाहीतर हे जेल कव्हर टाका, गादीगत वाटंल." मी कव्हर टाकलं. पहिली दोन किलोमीटर खरंच गादीगत वाटली. दहाव्या किलोमीटरला त्रास आधीपेक्षा जास्त.

असं का होतं ते आधी दाखवते, कारण इथंच बहुतेक जणींचे पैसे वाया जातात.

(कणकेचा गोळा कॅमेऱ्याजवळ धरून)

ही चपातीची कणीक आहे. माझे दोन अंगठे म्हणजे आपली बसायची दोन हाडं. कुल्ह्याखाली हात ठेवून बसलात की जे दोन टणक उंचवटे हाताला लागतात, ती ही हाडं. आता मी दोन्ही अंगठे शेजारी शेजारी कणकेत दाबते. बघा, अंगठे आत गेले आणि मधली कणीक वर आली. मऊ सीटवर हेच होतं. हाडं आत रुततात आणि मधला फोम नाहीतर जेल वर येऊन बरोबर नाजूक भागावर दाब देतं. तिथं हाड नाही. तिथं नसा, रक्तवाहिन्या आणि पातळ कातडी आहे. प्युडेंडल नावाची नस त्याच भागातून जाते. तिच्यावर दाब आला की मुंग्या येतात आणि मग बधिरपणा येतो. शरीराचं वजन हाडांनी पेलायचं असतं, ते हाडांवरून सरकून मांसावर आलं की दुखणारच. त्यात तुमचा काही दोष नाही आणि तुम्ही नाजूकही नाही.

मग हाडांनी वजन पेलायचं असेल, तर हाडांखाली सीट पाहिजे. आणि आपली ही दोन हाडं एकमेकांपासून किती लांब आहेत हे आपल्याला माहीतच नसतं. आपण कोल्हापूरच्या बायका चप्पल लाईनला चप्पल घ्यायला गेलो तर काय करतो? पाय घालून बघतो, पंजा दाबतोय का बघतो, अंगठ्यात घट्ट असेल तर दुसरी काढायला लावतो. रुंद पंजाला अरुंद चप्पल घेऊन "सवय होईल" असं कुणी म्हणत नाही. चप्पल चावली तर आपण चपलेला दोष देतो. सीट चावली की मात्र स्वतःला.

बायकांचं ओटीपोटाचं हाड साधारणपणे पुरुषांपेक्षा रुंद असतं, त्यामुळं बसायची हाडंही जास्त अंतरावर असतात. पण हे सरासरीचं झालं. बारीक अंगाच्या बाईची हाडं लांब असू शकतात आणि जाड बाईची जवळ. कपड्यांच्या मापावरून सीटचं माप काढता येत नाही. ते घरीच घ्यायचं, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

(पुठ्ठा दाखवून)

आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, आत नळ्या नळ्या असतात तो. साधा सपाट पुठ्ठा चालत नाही. तो लाकडी स्टुलावर नाहीतर दगडी पायरीवर ठेवा, सोफ्यावर नको. पातळ कपड्यात त्यावर बसा. पायाखाली पाट घ्या म्हणजे गुडघे थोडे वर येतील, आणि हँडल धरल्यासारखं जरा पुढं वाका. अर्धा मिनिट तसंच बसून राहा, थोडं डावी-उजवीकडं हला. मग सरळ वर उठा, घसरत उठू नका. आता पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसत नसले तर खडू आडवा धरून हलक्या हातानं घासा, खळगे कोरे राहतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजा.

(पट्टी ठेवून)

माझं आलं १३२ मिलिमीटर. तीनदा मोजलं, एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढा चालतो. त्यात थोडं पुढं वाकून चालवणारीनं २० ते २५ मिळवायचे. माझं झालं १५२ ते १५७. आणि माझ्या जुन्या सीटची रुंदी होती १४०, तीही मधे फुगीर, कडा उतरत्या. म्हणजे माझी हाडं कडेच्या उतारावर लटकत होती आणि सगळा भार मधल्या फुगवट्यावर. त्यावर मी आणखी जेल चढवलं होतं! आता मी १५५ ची वापरते. बाजारात चांगल्या सीटवर ही रुंदी छापलेली असते. १४३, १५५, १६८ असे आकडे दिसतील. छापलेलं नसेल तर दुकानात पट्टी घेऊन जा आणि मागचा रुंद भाग मोजा. कडा खूप उतरत्या असतील तर त्या धरू नका, हाड जिथं खरंच टेकेल तेवढंच माप खरं.

रुंदीनंतर बघायची गोष्ट म्हणजे मधली फट. मधोमध खोल खाच नाहीतर आरपार भोक असलेल्या सीट मिळतात. पुढं वाकून चालवणाऱ्या बहुतेक बायकांना त्यानं बराच आराम पडतो. जॉर्जेना टेरी नावाच्या अमेरिकन इंजिनिअर बाई आहेत, त्यांनी १९८५ मध्ये बायकांच्या मापाच्या सायकली बनवायची कंपनी काढली आणि पुढं नव्वदच्या दशकात अशी मधून कापलेली सीट बाजारात आणली. त्याआधी बहुतेक 'लेडीज' सीट म्हणजे पुरुषांचीच सीट, जरा आखूड आणि जाड गादीची. आजही आपल्याकडं गुलाबी रंगाची जाड सीट 'लेडीज' म्हणून हातात देतात. रंगावर जाऊ नका. काही जणींना भोकाच्या कडाच टोचतात, त्यांना उथळ खाच बरी पडते. आणि मांड्या घासत असतील तर सीटचं नाक रुंद आहे. पुढून लवकर निमुळती होणारी घ्या.

आता माझ्या शेजारच्या वैनींची गोष्ट सांगते. त्या लेडीज सायकलवरून रोज उद्यमनगरला कामाला जातात, जाऊन-येऊन आठ किलोमीटर. मी मापाचं बोलायला लागले तसं त्या म्हणाल्या, "मी रोज जातो की. पण आल्यावर तासभर पाटावर बसवत नाही." मी त्यांची सायकल बघितली. सीट स्प्रिंगची, रुंद, आणि त्या ताठ बसतात, हँडल उंच आहे. ताठ बसणारीचं जवळपास सगळं वजन मागं येतं, तिला रुंद स्प्रिंगची सीटच बरोबर. म्हणजे सीट बदलायची गरजच नव्हती. दोन गोष्टी चुकल्या होत्या. सीटचं नाक वर उचललेलं होतं, आणि सीट फार खाली होती.

नाक वर असलं की ते थेट पुढच्या भागात घुसतं. सीटखालच्या क्लिपचे दोन्ही बाजूंचे नट पान्यानं सैल केले, सीट सपाट केली आणि परत आवळली. सपाट आहे का ते डोळ्यानं कळत नाही. सीटवर पुढून मागं एक वही ठेवायची आणि वहीवर मोबाईल ठेवून त्यातलं सपाटी दाखवणारं लेव्हल ॲप बघायचं. पुढं वाकून चालवणारीनं नाक एखाद-दुसरा अंश खाली केलं तर चालतं. फार खाली केलंत तर सारखं पुढं घसराल आणि मनगटं दुखायला लागतील.

उंचीचं जरा नीट ऐका. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून आपण सीट खाली घेतो. भीती असते, ट्रॅफिकमध्ये पडू. पण सीट खाली असली की पायांवर वजनच येत नाही, सगळा भार सीटवर. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवा, पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चालवताना पंजा पॅडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. तेवढी उंची बरोबर. त्यापेक्षा वर नेली तर कंबर डावी-उजवी हलते आणि जांघ सोलवटते. सिग्नलला थांबताना सीटवर बसून राहायचं नाही, पुढं सरकून खाली उतरायचं आणि एक पाय टेकायचा. वैनींनी आमच्या गल्लीत दोन संध्याकाळ हे केलं. आम्ही सीट एकदम वर घेतली नाही. रोज बोटभर, असं आठवडाभर.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्सची जाड शिवण बरोबर जांघेत येते, लांबच्या फेरीला ती नको. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घेतलीत तर तिच्या आत निकर घालायची नाही, ती पॅड थेट अंगाला लागण्यासाठीच असते. वरून सलवार नाहीतर ट्रॅक पँट घाला, कुणाला काही दिसत नाही. घासतं तिथं आधी व्हॅसलीन लावा. पाळीत सॅनिटरी पॅडच्या कडा फार कातरतात; मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर त्या दिवसांत सायकलला तो सोपा जातो. फेरी संपली की ओली शॉर्ट्स लगेच बदला.

नवी सीट आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे हाडांवर जरा ठणकेल, वेळ वाढवत नेला की ते जातं. बधिरपणा मात्र सवयीनं घालवायचा नसतो. बधिर झालं की तिथंच उतरा आणि सीट बदला किंवा तिचं नाक, उंची बघा. सूज, गाठ, जखम असेल किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि सायकल चालवते हे त्यांना स्पष्ट सांगा.

आणि विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला एवढं विचारा, "आठवडाभर चालवून बघितली आणि जमली नाही तर बदलून द्याल का?" मी ज्यांच्याकडून घेतली त्यांनी दिली बदलून. पहिली १६८ ची घेतली होती, ती मांडीला लागत होती. बिल जपून ठेवा, सीटवर ओरखडा येऊ देऊ नका, आणि जुनी सीट काढायच्या आधी तिच्या उंचीची दांड्यावर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा. नवी बसवली की पहिल्या फेरीला एलन की, म्हणजे सीटचा बोल्ट फिरवायची सहा कोनी किल्ली, खिशात असू द्या. मी रंकाळ्याच्या पहिल्याच फेरीत तीनदा थांबून नाक खालीवर केलं होतं, चौथ्यांदा थांबावं लागलं नाही.