कोजागिरीच्या रात्री हिरवं झालेलं तोंड

नमस्कार मंडळी. जत्रेत, गणपतीत, थर्टी फर्स्टला पोरांच्या हातात त्या चमकणाऱ्या कांड्या असतात ना, वाकवल्या की कट् होतं आणि उजळतात, त्याच ग्लो स्टिक. आज त्यांच्या पोटात काय असतं ते सांगायचंय, पण आधी आमच्या गच्चीवरची गोष्ट ऐका, कारण त्या रात्रीपासूनच मी या विषयाच्या मागे लागले.

कोजागिरी होती. गच्चीवर मसाला दूध आटत होतं आणि चांदणं दिसावं म्हणून आम्ही सगळे लाइट बंद केले होते. हल्ली कोजागिरीलासुद्धा हॅलोजन लावून ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही, वर्षातली एक रात्र तरी चंद्राला द्या की. तर माझा भाचा, पाच वर्षांचा, मनगटातलं ग्लो स्टिकचं कडं चावत बसला होता आणि कुणाचं लक्षच नव्हतं. एकदम किंचाळला म्हणून वळून बघते तर अंधारात त्याचे ओठ, दात, सगळं हिरवंगार चमकतंय आणि हनुवटीवरून एक चमकता थेंब खाली ओघळतोय! माझे हातपायच गळाले. आई म्हणाली, मिठाचं पाणी आणा, उलटी काढूया. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू, जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या, पुढे आल्या आणि म्हणाल्या, "उलटी अजिबात काढायची नाही, चूळ भर बाळा." चुळा भरायला लावल्या, ओल्या रुमालाने तोंड पुसलं, काचेचा कण कुठे नाही ना ते टॉर्च लावून बघितलं, मग दोन घोट दूध दिलं. जिभेला झोंबत होतं आणि कडूजहर लागत होतं, बाकी पोर ठीक होतं.

आम्ही हुश्श करतोय तोवर रडता रडता त्याने त्याच हाताने डोळा चोळला. पापणीवर हिरवा पट्टा, आणि आता मात्र तो गुरासारखा ओरडायला लागला. काकूंनी उचलून थेट टाकीच्या नळाशी नेलं, दोन बोटांनी डोळा उघडा धरला आणि पाण्याची बारीक धार सोडली. म्हणाल्या, १५ ते २० मिनिटं, मधे थांबायचं नाही. एवढा वेळ पोर उभं राहणार कसं? तर आईने शेजारी उभं राहून मोठ्याने पाढे सुरू केले, बे एके बे पासून, आणि तो हुंदके देत देत मागून म्हणतोय. तिसाचा पाढा संपला तेव्हा नळ बंद केला. सकाळी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, लगेच धुतलात म्हणून डोळा नुसता लाल झालाय.

आता थोडक्यात. कांडीच्या प्लॅस्टिकच्या नळीत अजून एक पातळ काचेची नळी असते. काचेत हायड्रोजन पेरॉक्साइड, बाहेर ऑक्झलेट जातीचं रसायन आणि रंग. वाकवलं की काच फुटते, दोन्ही मिसळतात आणि उजेड पडतो, पण चटका बसत नाही. हे सगळं ज्या तेलकट पदार्थात विरघळवतात तो बऱ्याचदा डायब्युटाइल थॅलेट असतो. चुकून थोडंसं तोंडात गेलं तर सहसा विषबाधा होत नाही. पण झोंबतं, डोळ्याला तर फारच, आणि फुटकी काच असते ती वेगळीच. शिवाय नेलपॉलिश, वॉर्निश मऊ पडतं, माझ्या बहिणीची नखं दुसऱ्या दिवशी चिकट झाली होती. युरोप-अमेरिकेत खेळण्यांमध्ये या थॅलेटवर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तेव्हा पाकिटावर नुसतं नॉन-टॉक्सिक लिहिलंय म्हणून घेऊ नका, मार्क बघा.

परत सांगते. उलटी काढायची नाही, चूळ भरायची. डोळा चोळायचा नाही, धुवायचा, १५ ते २० मिनिटं. कांडी कापायची नाही आणि जास्त उजळेल म्हणून मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालायची नाही, फुटते. डोळा दुखायचा थांबत नसेल, काच गिळल्याची शंका असेल तर सरळ दवाखाना. आणि दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र २४ तास चालू असतं, पेन घ्या, नंबर आहे १८०० ११६ ११७. अजून एकदा, १८०० ११६ ११७.